मोडलेली सूत्रे आणि झाकलेल्या चुका

खतावणी जुनी झाली की तिला कापडात बांधून अभिलेख कक्षात ठेवता येते. संगणकावरील कोष्टकाचे तसे नाही. ते वर्षानुवर्षे वापरात राहते, एका आवृत्तीतून दुसऱ्या आवृत्तीत रूपांतरित होते आणि एके दिवशी आकड्यांच्या जागी '#रेफ!' किंवा '#व्हॅल्यू!' अशी चिन्हे उमटतात. मार्चअखेरच्या घाईत ती दिसली की कर्मचाऱ्याच्या कपाळावर आठ्या पडतात. वास्तविक, चूक उघडपणे सांगणारे सूत्र त्या मानाने निरुपद्रवी असते.

लोटस १-२-३ च्या काळातील फायलींचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. त्या प्रणालीत बेरजेच्या सूत्रात अक्षरे असलेला रकाना आला, तर त्याचे मूल्य शून्य धरले जाई. रकमेऐवजी 'निल' लिहिण्याची कचेरीतील सवय त्यामुळे कोणालाही खटकली नाही. तेच सूत्र अधिक चिन्हासह एक्सेलमध्ये आले की एक्सेल हिशेब नाकारते. येथे सूत्र बिघडलेले नसते; दोन प्रणालींचे नियम भिन्न असतात, इतकेच.

याहून फसवी गोष्ट नावांची. एक्सेलच्या २००३ पर्यंतच्या फायलींत २५६ स्तंभ होते व शेवटचा स्तंभ 'आयव्ही' होता. २००७ पासून स्तंभ १६,३८४ झाले आणि शेवटचा 'एक्सएफडी' ठरला. परिणामी, कर्जाच्या बाराव्या हप्त्याला कोणी हौसेने दिलेले 'ईएमआय१२' हे नाव नव्या फायलीत चक्क एका रकान्याचा पत्ता बनते! रूपांतर करताना एक्सेल अशा नावापुढे अधोरेषा जोडते. पण 'इनडायरेक्ट' सूत्रात तेच नाव अवतरणचिन्हांत लिहिलेले असेल, तर ते बदलत नाही. मग सूत्र त्या दूरच्या रिकाम्या रकान्यात डोकावते आणि निमूटपणे शून्य आणते. हप्ता शून्य दिसला तर कोणाच्याही लक्षात येईल. तो शंभर हप्त्यांच्या बेरजेत मिसळला तर?

जुन्या स्वरूपाचा मोह किती महाग पडतो हे इंग्लंडने २०२० मध्ये अनुभवले. तेथील सार्वजनिक आरोग्य यंत्रणा कोरोना चाचण्यांचे निकाल जुन्या एक्सएलएस फायलींत भरत होती. त्या स्वरूपात ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांच्या नोंदी अहवालात आल्याच नाहीत, आणि त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोध लांबला. शास्त्रज्ञही यातून सुटलेले नाहीत. चंडीगडलगतच्या मोहालीतील नॉलेज सिटीत 'आयसर'सारखी संशोधन संस्था आहे. तेथे काय किंवा अन्यत्र काय, जनुकांचे काम करणाऱ्यांना एक्सेलची एक खोड परिचयाची असते. 'मार्च१' हे जनुकाचे नाव ते तारीख समजून बदलून टाकते. अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने अशी काही नावेच बदलली. सॉफ्टवेअरपुढे शास्त्राने घेतलेली ही माघार काहींना विनोदी वाटेल, पण ती शहाणपणाची होती.

आक्षेप आहे तो 'इफएरर'च्या सर्रास वापराला. २००७ मध्ये उपलब्ध झालेले हे सूत्र चुकीच्या जागी शून्य किंवा कोरा रकाना दाखविते. तक्ता सुबक दिसतो, पण कारण दडून राहते. सूत्रे पुसून केवळ आकडे चिकटविण्याची युक्तीही त्याच जातीची. ज्येष्ठ नागरिकाच्या ठेवीवरील व्याज अशा तक्त्यातून काढले जात असेल, तर नुकसान कोणाचे होईल हे सांगावयास नको.

त्यापेक्षा मूळ फाइल जशीच्या तशी जपावी. छापील कागदावर ज्याची बेरीज उपलब्ध आहे असा एखादा जुना महिना निवडून नव्या फायलीत पडताळावा, आणि तफावत आली तर एकेक रकाना मागे जात तपासावा. गृहनिर्माण संस्थेचे खजिनदारपद स्वीकारणाऱ्या ग्राहकांनीही आधीच्या खजिनदारांकडून फाइल घेताना ती ज्या अन्य फायलींशी जोडलेली आहे, त्याही त्याच बैठकीत मागून घ्याव्यात; अनेक '#रेफ!' त्यांच्या घरच्या संगणकातच राहून गेलेले असतात.