बांधावरची घोरपड राहू द्या

पावसाळ्याच्या तोंडावर गावाकडे एक हाक हमखास कानावर येते. "घोरपड निघालीया!" हाक आली की पोरं काठ्या शोधतात, कुत्री सोडली जातात, कुणीतरी बिळाच्या तोंडाशी पाला पेटवून धूर करतं. थोड्या वेळात सगळा खेळ संपतो. ज्या जनावरानं त्या शिवाराचं कधी काही बिघडवलेलं नसतं, त्याचा असा शेवट आपण पिढ्यानपिढ्या पाहत आलो आहोत. हे आता थांबायला हवं. ते थांबवण्यासाठी मोठा निधी लागत नाही, अभयारण्य लागत नाही. तुमच्या वाडीवरचे चार लोक लागतात, आणि त्या चारांत तुम्ही असावं म्हणून हे लिहितो आहे.

आधी तिला नीट पाहू या, कारण मारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तिला जिवंतपणी कधी निवांत पाहिलेलंच नसतं. भारतात घोरपडीच्या चार जाती आहेत. आपल्या शेतांत आणि डोंगरउतारांवर भेटते ती मातकट करड्या रंगाची, अंगभर बारीक ठिपके असलेली जात. शास्त्रज्ञ तिला व्हॅरॅनस बेंगालेन्सिस म्हणतात. शेपटीसकट ती पावणेसहा फुटांपर्यंत वाढू शकते, पण आपल्याला दिसतात त्या बहुधा तीन-चार फुटांच्या. सकाळी ऊन वर आलं की ती कपारीतून बाहेर येते आणि अंग तापेपर्यंत दगडावर पसरून राहते. मग चालायला लागते. मान खाली, अंग डावी-उजवीकडे हेलकावत, आणि दर दोन पावलांनी ती लांब दुभंगलेली जीभ बाहेर येऊन मातीला, पाल्याला, हवेला स्पर्श करून आत जाते. जिभेनं गोळा केलेला वास टाळूतल्या एका खास इंद्रियापर्यंत पोचतो आणि पाल्याखाली काय दडलंय ते तिला कळतं. नाकपुड्या तिरक्या फटीसारख्या असतात. उकरताना तोंड मातीत खुपसलं तरी तिचं काही अडत नाही.

बाभळीवर चढलेल्या घोरपडीभोवती एकदा सावकाश फिरून पाहा. तुम्ही जसजसे सरकाल तसतशी तीही खोडाभोवती सरकते, नेहमी पलीकडच्या बाजूला. तुम्हाला दिसतात फक्त सालीत रुतलेली नखं आणि क्षणभर डोकावणारा एक डोळा. माणसाला टाळायची तिची ही धडपड ज्यानं पाहिली, त्याला "ती अंगावर येते" ही गोष्ट पटणार नाही. पळायला वाटच उरली नाही तर ती अंग फुगवते, फुसकारते, शेपटीचा फटका मारते आणि हात घातलाच तर चावते. चावा खोल असू शकतो. जखम साबणानं भरपूर धुऊन दवाखाना गाठावा, हे बरोबरच. पण नागासारखे विषदंत तिला नाहीत, आणि अंतर ठेवणाऱ्या माणसावर धावून जाण्याचं तिला काही कारणही नाही.

तिचं पोट कशावर भरतं, हे शेतकऱ्यानं तरी जाणून घ्यावं. भुंगेरे आणि त्यांच्या मातीतल्या अळ्या हा तिच्या आहाराचा मोठा भाग आहे. त्याशिवाय नाकतोडे, गोगलगायी, खेकडे, बेडूक, उंदीर, पक्ष्यांची आणि सापांची अंडी, आणि सापडेल तिथे मेलेलं जनावर. हुमणीनं उसाची मुळं कुरतडली की एकरामागे किती नुकसान होतं हे सांगली-कोल्हापूरच्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही, आणि हुमणी म्हणजे भुंगेऱ्याचीच अळी. खेकड्यांनी पोखरलेला बांध भर पावसात फुटला की भाताच्या खाचराचं काय होतं, हे कोकणातला माणूस जाणतो. एकटी घोरपड हुमणीचा नायनाट करील, असा दावा मी करणार नाही. पण जी आपल्या शिवारात फुकट राबते, तिलाच मारायचं आणि मग औषध फवारायला दुकानात रांग लावायची, हा व्यवहार कुठल्याही हिशेबात बसत नाही.

एक तक्रार मात्र खरी आहे. ती कोंबडीची अंडी आणि पिल्लं उचलते. परसात घोरपड आली म्हणून एखाद्या माउलीचा जीव वरखाली होत असेल तर तिला दोष देता येत नाही, चार कोंबड्यांवरच तिचा घरखर्च चालत असतो. पण उपाय काठीत नाही, खुराड्यात आहे. खालून दगडी फरशी, बाजूंनी बारीक जाळी आणि घट्ट बसणारं दार, एवढं केलं की घोरपडच काय, मुंगूस आणि रानमांजरही आत शिरत नाही. गावातल्या तरुण मंडळानं अशी दोन-चार खुराडी नीट करून दिली, तर शंभर भाषणांनी होणार नाही तेवढं काम होईल.

आता वारुळाकडे वळू. नागपंचमीला आपण वारुळाला हळदकुंकू वाहतो, लाह्या ठेवतो. त्याच दिवसांत, पावसानं जमीन मऊ झालेली असताना, घोरपडीची मादी वारूळ उकरून त्यात अंडी घालते आणि वर माती लोटून निघून जाते. एका वेळी वीसच्या आसपास अंडी असतात. वाळवीनं राखलेली ऊब आणि ओल त्यांना मिळत राहते आणि कित्येक महिन्यांनी, हिवाळा ओलांडल्यावर, पिवळसर ठिपक्यांची बोटभर जाड पिल्लं माती फोडून बाहेर येतात. पहिले दिवस ती बरीचशी झाडावर काढतात, कारण जमिनीवर त्यांना खाणारे पुष्कळ. म्हणजे एक वारूळ जेसीबीनं सपाट झालं की एक अख्खी पिढी गेली. आणि फाल्गुन-चैत्रात गवत चांगलं येईल या समजुतीनं डोंगराला आग लावली की कोवळ्या पिल्लांना पळायला जागा राहत नाही, आसरा द्यायला पाला राहत नाही, खायला किडा राहत नाही. वणव्यात मेलेल्या घोरपडींचा पंचनामा कुणी करत नाही.

आपल्या मनात हिच्याबद्दल आदर नाही, असंही म्हणता येत नाही. तानाजी मालुसऱ्यांची यशवंती घोरपड कुणाला ठाऊक नाही? 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री मावळे कोंढाण्याचा कडा चढले हा इतिहास आहे. यशवंतीची गोष्ट मात्र लोकांनी मागाहून जपलेली दंतकथा मानली जाते. तरीही शाळेतल्या पोरांना ती सांगताना आपला आवाज चढतो. घोरपडे घराण्याच्या नावामागेही, घोरपडीच्या आधारानं किल्ला सर केल्याची अशीच आख्यायिका सांगितली जाते. ज्या जनावराला आपण गडावर चढवलं, त्याला बांधावर जगू देत नाही. हे मला फार लागतं.

आणि मारतो कशासाठी? थोडं मटणासाठी, थोडं कातड्यासाठी, आणि पुष्कळसं गैरसमजापोटी. आठवडी बाजारात जडीबुटीच्या पथारीवर पिवळट तेलाच्या बाटल्या मी पाहिल्या आहेत. शेजारी चारही पाय पाठीवर बांधलेली जिवंत घोरपड, तेल अस्सल आहे हे गिऱ्हाइकाला पटावं म्हणून ठेवलेली. तिचा गळा वरखाली होत होता. बाटली घेणाऱ्या आजींचे गुडघे सुजलेले होते आणि बसस्थानकापर्यंत चालणंही त्यांना जड जात होतं. त्या आजींवर मला रागावता आलं नाही. पण घोरपडीच्या चरबीनं संधिवात बरा होतो, धरलेली कंबर सुटते, पुरुषत्व वाढतं, या कशालाही वैद्यकशास्त्रात आधार नाही. सांधेदुखीवर आज उपचार आहेत, व्यायाम आहेत, सरकारी दवाखान्यातही डॉक्टर आहेत. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून तिथे नेणं, हेही घोरपड वाचवण्याचंच काम आहे.

त्याहून वाईट फसवणूक हत्ताजोडीची. देव्हाऱ्यात किंवा तिजोरीत शेंदरात बुडवून ठेवलेली, जोडलेल्या दोन इवल्या हातांसारखी दिसणारी ती वस्तू दुर्मीळ वनस्पतीचं मूळ म्हणून विकली जाते. ते मूळ नसतं. नर घोरपडीचं जननेंद्रिय कापून, वाळवून ते केलेलं असतं. 2017 मध्ये या धंद्याचा देशभर बोभाटा झाला, छापे पडले, ऑनलाइन दुकानांवरची विक्री उघड झाली. तरीही लक्ष्मी घरात यावी म्हणून ती अजून घेतली जाते, आणि घेणारे शिकले-सवरलेले, शहरांत राहणारे लोक आहेत. शिकारीचा विषय निघाला की आपलं बोट चटकन एखाद्या भटक्या जमातीकडे वळतं. फासा लावणाऱ्याच्या पदरात पडतात थोडेसे रुपये. मागणी आपल्या पांढरपेशा घरांतून जाते. कुणाच्या देव्हाऱ्यात हत्ताजोडी दिसली तर कृपा करून गप्प बसू नका. मावशी असो, साहेब असोत, ती वस्तू काय आहे ते त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. खरं कळल्यावर ती देवापुढे ठेवावीशी कुणालाही वाटणार नाही.

परंपरा मोडेल अशी भीती वाटत असेल तर गोव्याकडे पाहा. घुमट हे गोव्याचं जिवाभावाचं वाद्य. मातीच्या घटाच्या रुंद तोंडावर पूर्वी घोरपडीचं कातडं ताणून बसवायचे, आणि त्या कातड्याशिवाय तसा नाद येणार नाही असं जुने वादक म्हणत. कायद्याचं संरक्षण आल्यावर कलाकारांनी बकऱ्याच्या कातड्यावर हात बसवला. 2019 मध्ये गोवा सरकारनं घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. आज चवथीच्या आरतीला घुमट वाजतं, मांड्याला वाजतं, आणि त्यासाठी घोरपड मारावी लागत नाही. गोव्याच्या त्या वादकांचे आपण आभार मानायला हवेत. त्यांनी वाद्यही राखलं आणि जनावरही.

शहरातल्या तरुण मित्रांशी थोडं वेगळं बोलायचं आहे. तुमच्यापैकी काहींच्या घरी काचेच्या पेटीत इग्वाना आहे, बॉल पायथन आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांविषयीचं तुमचं प्रेम खरं आहे हे मी मानतो. पाल दिसली की किंचाळणाऱ्या समाजात तुम्ही वेगळे आहात. अशा परदेशी प्राण्यांची नोंद आता केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, ती केली नसेल तर करून टाका. पण रानातून उचललेलं घोरपडीचं पिल्लू किंवा तारा कासव कुणी विकायला आणलं, तर ते दया म्हणूनही घेऊ नका. तुम्ही एक विकत घेतलं की त्याच बिळातून दुसरं काढलं जातं. रोज मैलोगणती भटकून उकरणारं जनावर पेटीत ठेवलं तर ते जगतं कमी आणि झिजतं जास्त. तुमच्याकडे कॅमेरा आहे, हात लावायची भीती नाही, या प्राण्यांचं वाचन आहे. महिन्यातून एक रविवार गावच्या शाळेत जा, मुलांना घोरपडीचे फोटो दाखवा, त्यांच्या शंका ऐका. शाळेला तुमच्याइतका चांगला माणूस मिळणार नाही.

कायदा आपल्या बाजूनं भक्कम आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या पहिल्या अनुसूचीत घोरपड आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच हिला. शिकार करणं, पकडणं, बाळगणं, तिचे अवयव विकणं, सगळा गुन्हा. 2022 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत कैद, आणि किमान 25,000 रुपये दंड. ही माहिती चावडीवर, सोसायटीच्या फलकावर, दूध डेअरीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावा. धाक दाखवायचा म्हणून नव्हे. आपल्या गावचा एखादा पोरगा दोन किलो मटणाच्या नादात तुरुंगात जाऊ नये, ही त्याच्या आईचीही इच्छा असणार.

घोरपड घरात शिरली तर दार उघडं ठेवा, कुत्री बांधा, पोरांना आत घ्या आणि तिला वाट द्या. ती आपली आपण जाते. जखमी असेल, विहिरीत पडली असेल, कुणी बांधून ठेवली असेल, तर महाराष्ट्रात वन विभागाचा 1926 हा क्रमांक फिरवा. हा क्रमांक आत्ताच मोबाइलमध्ये साठवा, वेळ आल्यावर शोधत बसू नका. वनरक्षक येईपर्यंत तिथे उभे राहा. गर्दीत एक माणूस जरी ठामपणे "मारू नका" म्हणाला तरी उगारलेली काठी खाली येते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि एक काम गावाचं मिळून करायचं आहे. जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि लोकजैवविविधता नोंदवही तिच्याकडे असायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती वही कपाटात बंद आहे. ती बाहेर काढायला लावा. गुराखी, मेंढपाळ, रानभाज्या आणणाऱ्या बाया यांना सोबत घ्या, कारण शिवारात घोरपड कुठे दिसते आणि जुनी वारुळं कुठल्या बांधावर आहेत हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. त्या जागा वहीत लिहून घ्या. येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत दोन ठराव मांडा: गायरानातलं वारूळ समितीला विचारल्याशिवाय सपाट करायचं नाही, आणि उन्हाळ्यात डोंगराला आग लावायची नाही. ग्रामपंचायतीकडे अर्ज आठ दिवस आधी द्या, पोच घ्या, आणि सभेला येताना शेजारच्या चार घरांना बरोबर आणा.