शेवटी पोहोचणाऱ्याच्या हातातलं पिस्तूल

३० जून २०२५च्या पहाटे पुणे-सोलापूर महामार्गावर, दौंड तालुक्यातल्या स्वामी चिंचोलीजवळ, पंढरपूरकडे निघालेले प्रवासी चहाला थांबले होते. मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी कोयत्याच्या धाकानं त्यांना लुटलं आणि त्यांच्यातल्या एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार केला. अशी बातमी वाचली की मनात पहिला विचार येतो तो हाच, की तिथं कुणा भल्या माणसाच्या कमरेला परवान्याचं पिस्तूल असतं तर? हा विचार रानटी म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. कायदाही बरंच अंतर त्याच्याबरोबर चालतो. भारतीय न्याय संहितेच्या ३५व्या कलमानं स्वतःच्याच नव्हे, कुणाही परक्या माणसाच्या देहाचं रक्षण करण्याचा हक्क दिला आहे. जीव जाण्याची, गंभीर दुखापतीची किंवा बलात्काराची वाजवी भीती असेल, तर ३८व्या कलमानुसार हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत तो हक्क पोहोचतो. म्हणजे परक्यासाठी धावून जाऊ नका, असं कायदा कुठंही म्हणत नाही. माझी हरकत धावून जाण्याला नाही, बरोबर पिस्तूल नेण्याला आहे.

कारण साधं आहे. ज्याच्यावर हल्ला झाला त्याला हल्लेखोर कोण ते ठाऊक असतं. रस्त्यावरून जाता जाता थांबलेल्याला ते ठाऊक नसतं. जो सगळ्यात शेवटी पोहोचतो, त्याला सगळ्यात कमी माहिती असते आणि निर्णय मात्र त्यानंच क्षणात घ्यायचा असतो. २७ जून २०२३ला पुण्याच्या सदाशिव पेठेत एका तरुणीवर कोयत्यानं हल्ला झाला, तेव्हा लेशपाल जवळगे आणि हर्षद पाटील या तरुणांनी निःशस्त्र असूनही मध्ये पडून तिला वाचवलं. त्या झटापटीच्या ऐन मध्यावर एखादा पिस्तूलधारी कोपऱ्यावरून वळून आला असता, तर त्याला काय दिसलं असतं? एकमेकांना भिडलेले तरुण आणि त्यांच्यामध्ये एक कोयता. गोळी कुणाला घालायची? हा भरदिवसाचा, शहरातला प्रसंग. शिरूरच्या उसाच्या फडालगत, वीज गेलेल्या रात्री तर ओळख पटण्याचा प्रश्नच येत नाही. याच शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्यानं तिघांचे बळी घेतले. लोकांचा संताप शिगेला पोहोचला होता. तरीही गोळी सुटली ती वरिष्ठांची परवानगी मिळाल्यावर, माग काढणाऱ्या पथकाच्या मदतीनं, प्रशिक्षित नेमबाजांच्या हातून. बिबट्याला मारण्यापूर्वी इतकी खातरजमा आवश्यक वाटत असेल, तर माणसाच्या बाबतीत ती एका अनोळखी वाटसरूच्या नजरेवर कशी सोडायची?

यावर म्हणणं येतं की माजी सैनिकांसारखी प्रशिक्षित माणसं शिरूर-दौंडच्या भागात आहेत, त्यांच्यापुरती तरी मोकळीक द्या. प्रशिक्षणानं नेम सुधारतो, हे खरं. पण परक्याच्या रक्षणासाठी घेतलेलं शस्त्र परक्याची वाट पाहत बसत नाही. ते वर्षभर घरात असतं आणि बांधाच्या, उसनवारीच्या, भावकीच्या भांडणात हाताशी येतं. जानेवारी २०१८मध्ये दौंड शहरात तिघांना गोळ्या घालून मारल्याच्या प्रकरणातला आरोपी राज्य राखीव पोलीस दलाचा जवान होता. त्यावरून सगळ्या जवानांना दोष देणं मूर्खपणाचं ठरेल. प्रशिक्षण रागाला आवर घालतंच असं नाही, एवढंच त्यातून दिसतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पोलीस ठाणं लांब, वाडी-वस्ती विखुरलेली, रोहित्रातलं तांबं आणि विहिरीवरच्या केबल रातोरात जातात, मग लोकांनी हात बांधून बसायचं का? मुळीच नाही. पुणे ग्रामीणमध्ये ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. एका टोल-फ्री क्रमांकावर बोललेला निरोप परिसरातल्या सगळ्या नोंदणीकृत मोबाइलवर एकदम वाजतो. चार वस्त्यांवरचे दिवे लागले आणि पन्नास माणसं बाहेर पडली, तर कोयतेवाल्याचं धैर्य टिकत नाही. मात्र याच उपायाला एक भयानक बाजू आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ला मुलं पळवणारे समजून जमावानं भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठार केलं. तिथं बंदूक नव्हती. २०२४च्या पावसाळ्यात शिरूर-दौंडच्या गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालत असल्याच्या बातम्या पसरल्या, लोक काठ्या घेऊन गस्त घालू लागले, तेव्हा तोच धोका आपल्या उंबऱ्यापर्यंत आला होता. म्हणून जमावालाही तीच मर्यादा हवी जी पिस्तूलधाऱ्याला हवी: अडवा, पकडा, पण निवाडा करू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४०वं कलम सामान्य माणसाला समोर घडणाऱ्या दखलपात्र, अजामीनपात्र गुन्ह्यातल्या आरोपीला पकडू देतं आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायला लावतं. हल्ला थांबला की जीव घेण्याचा हक्कही संपतो. पळणाऱ्या चोराच्या पाठीत घातलेली गोळी सहसा स्वसंरक्षणात बसत नाही, आणि ती बसते हे पटवण्याचा भार गोळी घालणाऱ्यावरच येतो.

निःशस्त्र माणसानं कोयत्यासमोर जावं हे सांगणं सोपं आणि करणं जिवावरचं आहे, हे मला मान्य आहे. म्हणूनच मागणी करायची तर वेगळी करावी. रस्ते अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या १३४अ कलमानं संरक्षण दिलं आहे. स्वतःचं नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाही. गुन्हा अडवणाऱ्यासाठी असं स्वतंत्र कलम नाही. तो साक्षीदार म्हणून वर्षानुवर्षं तारखांना हेलपाटे घालतो आणि जखमी झाला तर दवाखान्याचं बिल बहुधा त्याच्याच घरी येतं. शिरूर आणि दौंडच्या आमदारांनी विधानसभेत हा उपचारखर्च आणि साक्षीदाराचा प्रवासभत्ता मागावा. पिस्तुलाच्या परवान्यांपेक्षा तो सरकारला स्वस्तच पडेल.