यंत्रे खरोखरच लहरी असतात काय?

‘आमचा संगणक मोठा लहरी आहे. कधी दिवसभर सुरळीत चालतो, तर कधी दहा मिनिटांत मान टाकतो!’ अशी तक्रार तुम्ही ऐकली असेल, कदाचित केलीही असेल. अलीकडे अनेक हौशी विद्यार्थी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस असे सुटे भाग आणून घरीच संगणक जोडतात. ही गोष्ट कौतुकाचीच आहे. परंतु नव्या यंत्राला असा अधूनमधून बंद पडण्याचा विकार जडला, की सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. कोणी म्हणतो, ‘फॉरमॅट मार’. दुसरा म्हणतो, ‘रॅम बदल’. तिसरा तर सरळ नवा मदरबोर्ड घ्यायला सांगतो. यंत्र का बंद पडते हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

माझे मत मी सुरुवातीलाच स्पष्टपणे मांडतो. यंत्र लहरी नसते. ज्या परिस्थितीची आपण नोंद ठेवलेली नसते, तिलाच आपण यंत्राची लहर म्हणतो. अशा अधूनमधून येणाऱ्या दोषाचा शोध घेणे हा विज्ञानाचा उत्तम प्रयोग आहे, आणि आपल्या शाळा-महाविद्यालयांत तो शिकविला जात नाही ही खेदाची गोष्ट आहे.

आंजर्ल्याचे उदाहरण

माझी एक विद्यार्थिनी दापोली तालुक्यातील आंजर्ल्याची. जोग नदीच्या मुखाशी वसलेले, कड्यावरच्या गणपतीसाठी आणि समुद्रकासवांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव तुमच्यापैकी काहींनी पाहिलेही असेल. तिच्या घरी पर्यटकांची राहण्या-जेवणाची सोय केली जाते. त्याचे हिशेब आणि स्वतःचा अभ्यास यांसाठी तिने साठविलेल्या पैशांतून संगणक जोडला. आठ दिवसांतच तो अचानक बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. तीन वेळा फॉरमॅट मारून झाले, नवी रॅम विकत घेऊन झाली. गुण आला नाही. आता मदरबोर्ड बदलण्याची वेळ आली होती, आणि तेवढे पैसे घरात नव्हते.

संगणकाने स्वतः ठेवलेल्या नोंदीत ‘कर्नल-पॉवर ४१’ एवढेच येई. हा शेरा वाचून पुष्कळ लोक घाबरतात. वास्तविक त्याचा अर्थ, ‘यंत्र रीतसर बंद न होता थांबले’ इतकाच असतो. ते का थांबले हे तो सांगत नाही.

मी तिला एक शंभर पानी वही घ्यायला सांगितली. वहीत पाच रकाने: तारीख, वेळ, संगणकावर चाललेले काम, प्रोसेसरचे तापमान, आणि ‘घरात आणखी काय घडत होते’. तीन आठवडे कोणताही भाग बदलायचा नाही, केवळ लिहायचे. अखेरीस बारा नोंदी जमल्या. त्यांपैकी दहा संध्याकाळी सात ते दहा या वेळातल्या होत्या! शिवाय त्या सर्व वेळी संगणकावर चित्रफितीचे संपादन किंवा खेळ असे जड काम चालू होते. तापमान मात्र कधीच धोक्याच्या पातळीवर गेलेले नव्हते. लहरी म्हणविणारे यंत्र घड्याळ पाहून बंद पडत होते म्हणावयाचे!

संशयितांची विभागणी

अशा वेळी संशयित अनेक असतात: रॅम, एसएमपीएस, प्रोसेसरचे तापणे, पेटीच्या पत्र्याला टेकलेला मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, डिस्क, सॉफ्टवेअर आणि घरातील वीज. एकूण आठ. प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी करण्यापेक्षा प्रत्येक चाचणीत निम्मे संशयित वगळता आले, तर आठाचे चार, चाराचे दोन आणि दोनाचा एक अशा तीन चाचण्यांत काम होते, कारण २ × २ × २ = ८. प्रत्यक्षात विभागणी इतकी नेटकी होत नाही, परंतु दिशा हीच ठेवावी. उदाहरणार्थ, डिस्क काढून ठेवून पेन ड्राइव्हवरील दुसऱ्याच कार्यप्रणालीवर संगणक चालवावा. तरीही तो बंद पडला, तर डिस्क आणि तिच्यावरील सॉफ्टवेअर एकदमच निर्दोष ठरतात. रॅमची परीक्षा घेणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवून रॅमचा निकाल लावता येतो. यात पथ्य एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रॅम, केबल आणि ड्रायव्हर एकाच दिवशी बदलले आणि दोष गेला, तर तो कशाने गेला हे कळत नाही. तो परत आला, तर आपण पुन्हा पहिल्या पायरीवर.

आंजर्ल्याला या दोन्ही चाचण्या झाल्या. पेन ड्राइव्हवरही यंत्र बंद पडले, आणि रॅममध्ये एकही चूक निघाली नाही. मग पाचव्या रकान्याकडे लक्ष गेले. तेथे मुलीने आईचे एक वाक्य टिपून ठेवले होते: ‘अगो, तो डबा कट्ट करतो ना, तेव्हाच तुझं यंत्र जातं.’ डबा म्हणजे स्टॅबिलायझर!

‘कट्ट’मागील पदार्थविज्ञान

संध्याकाळी घरोघरी दिवे लागतात आणि आगरांतील पंपही सुरू होतात. त्यामुळे विजेचा दाब उतरतो. स्टॅबिलायझरमधील रिले तेव्हा एक जोडणी सोडून दुसरी पकडतो. या अदलाबदलीत काही सहस्रांश सेकंद वीज खंडित होते. दिव्याकडे पाहून आपल्याला ते जाणवतही नाही.

इतका वेळ संगणक कशावर तग धरतो? एसएमपीएसमधील मोठ्या संधारित्रात, म्हणजे कपॅसिटरमध्ये साठलेल्या ऊर्जेवर. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर सुमारे १६ सहस्रांश सेकंद तग धरतो. आपल्याकडील विजेचे एक आवर्तन २० सहस्रांश सेकंदांचे असते, हे ध्यानात घ्या. संधारित्रातील ऊर्जा ½CV² असते, म्हणजे ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. साध्या, स्वस्त एसएमपीएसमध्ये दाब २३० वरून १९० व्होल्टवर उतरला, तर ऊर्जा (१९०/२३०)², म्हणजे सुमारे ०.६८ पट उरते. एक-तृतीयांश साठा गेला! उरलेलीही सर्व वापरता येत नाही, कारण दाब एका मर्यादेखाली गेला की एसएमपीएस हात टेकतो. त्यातच काम जड असेल, तर आहे तो साठा अधिक वेगाने संपतो.

म्हणजे तीन गोष्टी एकत्र याव्या लागत: उतरलेला दाब, जड काम आणि रिलेची हालचाल. एकटीदुकटी आली तर काहीच बिघडत नसे. तिन्ही केव्हा जुळतील हे माहीत नसल्यामुळेच तो दोष अकस्मात घडणारा वाटे.

दोष गेला, हे केव्हा म्हणावे?

स्टॅबिलायझर बाजूला काढला. एसएमपीएस स्वतःच दाबातील बराच चढउतार सोसतो, म्हणून दाब त्याच्या मर्यादेत असेल तर मध्ये रिलेचा स्टॅबिलायझर लागतोच असे नाही. दोन दिवस संगणक बंद पडला नाही. सर्वांना आनंद झाला. पण तेवढ्यावर निकाल देता येतो का?

फासा घ्या. सहा वेळा टाकून षटकार एकदाही न येण्याची शक्यता (५/६)⁶, म्हणजे सुमारे ३३ टक्के असते. तेवढ्यावरून फाशावर षटकार नाहीच असे आपण म्हणणार नाही. अठरा वेळा टाकूनही तो आला नाही, तर ती शक्यता ४ टक्क्यांच्या आसपास येते; मग संशय घ्यायला जागा आहे. यावरून एक सोयीचा नियम निघतो: दोष सरासरी जितक्या काळाने येत असेल, त्याच्या निदान तिप्पट काळ वाट पाहावी. येथे दोष सरासरी दोन दिवसांनी येत होता, म्हणून सहा संध्याकाळी थांबणे भाग होते. त्या शांतपणे पार पडल्या.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. स्टॅबिलायझर पुन्हा जोडून पाहिला, आणि तिसऱ्या संध्याकाळी ‘कट्ट’ होताच संगणक बंद पडला! दोष घालविणे हा अर्धा पुरावा. तो हुकमी परत आणता आला म्हणजे पुरावा पूर्ण होतो. मदरबोर्ड बदलावा लागला नाही. फॉरमॅट मारण्याने तर हानीच झाली होती, कारण त्यात संगणकाच्या जुन्या नोंदीही पुसल्या गेल्या.

थोरामोठ्यांचीही हीच वाट

९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्डच्या ‘मार्क २’ संगणकाच्या एका रिलेत पतंग अडकलेला सापडला. तेथील तंत्रज्ञांनी तो वेळेसह नोंदवहीत चिकटवून ठेवला, म्हणून ती हकीकत आज आपल्याला ठाऊक आहे. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते, आणि एखाद्या जुन्या व्हॉल्व्हने अधूनमधून दगा देणे हे त्या पिढीतील यंत्रांचे नेहमीचेच दुखणे होते. १९७८ मध्ये इंटेल कंपनीतील टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी स्मृतिचिपांतील गूढ चुकांचे मूळ शोधले. चिपांच्या वेष्टनात युरेनियम आणि थोरियम यांचे अत्यल्प अंश होते व त्यांतून निघणारे अल्फा कण स्मृतीतील ० आणि १ यांची अदलाबदल करीत होते!

खरोखरच यादृच्छिक असे दोष असतात, हे मला मान्य आहे. बेल्जियममधील स्कारबेक येथे २००३ च्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या नावे ४,०९६ मते जादा नोंदली गेली. हा आकडा बरोबर २¹² आहे, म्हणजे स्मृतीतील एकच बिट उलटला असावा. वैश्विक किरणाचा संशय घेतला गेला, पण तो सिद्ध झाला नाही. असे प्रसंग विरळा. वैश्विक किरण रोज संध्याकाळी सात ते दहा अशी वेळ पाळत नाहीत.

शिक्षकांस विनंती

‘दुरुस्तीत वेळ घालविण्यापेक्षा भाग बदलणे स्वस्त पडते,’ असे काही जण म्हणतील. कारण कळले असेल तर ते बरोबरही असेल. कारण न कळता भाग बदलणारा मात्र तोच खर्च पुन्हापुन्हा करतो.

आपल्या प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्यापुढे तपासून ठेवलेली, निर्दोष साधने येतात. वर्षातून एक तरी प्रयोग असा ठेवावा, की ज्यात ओहमच्या नियमाच्या मंडलात एक जोडणी मुद्दाम सैल ठेवलेली आहे. वाचन किती मिळाले यापेक्षा दोष कसा हुडकला, यास गुण द्यावेत. तसेच प्रत्येक प्रयोगशाळेत एक ‘दोषवही’ असावी.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हीही तुमच्या घरातील एखाद्या ‘लहरी’ वस्तूसाठी अशी वही सुरू करा. मग तो पंखा असो, सायकलचा दिवा असो वा संगणक. एक सूचना कटाक्षाने पाळा. एसएमपीएसची पेटी कधीही उघडू नका, कारण प्लग काढल्यावरही तिच्या संधारित्रात काही काळ ३०० व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो. घरातील वायरिंग आणि अर्थिंग यांची तपासणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्या. वही मात्र तुमची तुम्हीच लिहा, आणि पाचवा रकाना रिकामा ठेवू नका.