कच्चं मडकं

मामेभाऊ परवा म्हणाला, "दादा, लिही की. फक्त माझं नाव नको." म्हणून हे लिहितोय.

त्याची दारू सुटावी म्हणून घरानं काय नाही केलं? तुळजापूरला भवानीसमोर शपथ झाली. माळ घालून झाली. ती सहा महिने टिकली आणि एका लग्नात खुंटीला लागली. मग कुणीतरी चहातून गुपचूप द्यायची पावडर आणून दिली. मामीनं ती आधी डॉक्टरांना दाखवली, हे नशीब. असली काही औषधं पोटात असताना वर दारू गेली, तर जिवावर बेतू शकतं. या सगळ्यात बोलायचो, ठरवायचो आम्हीच. तो मान खाली घालून बसायचा.

मीटिंगचं पहिल्यांदा सुचवलं ते डॉक्टरांनी. आधी त्यांनी बजावलं, की रोज पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद करायची नाही. हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रमही होऊ शकतो. ते दिवस दवाखान्याच्या देखरेखीखाली गेले. सुट्टी देताना म्हणाले, "आमचं काम इथवर. आता एएच्या मीटिंगला जा."

"मीटिंग? ग्रामसभा हाय का काय?" मामेभाऊ म्हणाला.

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस. अमेरिकेत अॅक्रन नावाच्या टायरच्या गावात १९३५ साली बिल नावाचा शेअरदलाल आणि बॉब नावाचा सर्जन भेटले. दोघेही दारूनं पोखरलेले. उपदेशानं जे झालं नव्हतं, ते एका पिणाऱ्यानं दुसऱ्याला आपली गत सांगितल्यानं झालं. १० जून १९३५ हा या संघटनेचा स्थापना दिवस मानतात. आपल्याकडे पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुलंच्या मदतीनं 'मुक्तांगण' सुरू केलं. तिथंही व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच नव्यांना हात देतात.

एएला फोन केला. पलीकडच्या माणसानं गाव विचारलं नाही, की काय करता तेही नाही. "या. दारात उभा राहतो," एवढंच म्हणाला. पण मामेभाऊ अडून बसला, की जायचं तर सोलापूरला. "हितं लोकं बघतेत." बारच्या दारात उभं राहताना याला कधी लोकं दिसली नव्हती! पण हसू कुणाला? सोलापुरात पोचल्यावर गाडी मीही दोन गल्ल्या अलीकडंच लावली.

१९४९ च्या कायद्यानं आपल्या राज्यात दारू प्यायला परवाना लागतो. मीटिंगच्या खोलीत यायला मात्र काहीच लागत नाही: फी नाही, फॉर्म नाही. दारू सोडायची इच्छा असली की झालं. त्या दिवशी ओपन मीटिंग होती, म्हणून न पिणाऱ्या मलाही बसता आलं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहा, शेवटी ज्याला वाटेल त्यानं पैसे टाकायची पिशवी. बोलणारा उठतो, आपलं नाव सांगतो, अल्कोहोलिक असल्याचं सांगतो, मग बोलतो. मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. आणि आडनाव कुणीच सांगत नाही. आपल्या भागात नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "आडनाव?" आणि त्यामागचा खरा प्रश्नही सगळ्यांना ठाऊक असतो. तासभर तो कुणी विचारला नाही, हे मला बाहेर आल्यावर लक्षात आलं.

कोण काय बोललं, ते लिहिणार नाही. खोलीतलं खोलीत ठेवायचं, ही तिथली अट आहे. मामेभावाची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "आज नुसतं ऐकतो." कुणी आग्रह केला नाही.

बाहेर चहाच्या गाड्यावर एक पिकल्या केसांचे गृहस्थ भेटले. बारा वर्षं थेंब नाही. मी कौतुक करायला गेलो, तर म्हणाले, "हे लिहिलंत तरी चालेल. मी अजून कच्चाच आहे. आजचा दिवस गेला, एवढंच."

परतताना मामेभाऊ बराच वेळ गप्प होता. तामलवाडी मागं पडल्यावर म्हणाला, "दादा, आपल्या तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आठवती का?" संत जमलेत, गोरोबाकाका थापटणं घेऊन एकेकाचं डोकं ठोकून बघतायत, आणि नामदेव कच्चं मडकं ठरतात. "घरात सगळ्यांच्याच हातात थापटणं असायचं. हितं समदे आपणहून म्हणतेत, मी कच्चा. मग ठोकायचं कुणी अन् कुणाला?"

त्यानंतर तो एकदा घसरला. पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसला आणि त्या दिवशी पहिल्यांदा बोलला. मामी आता अॅल-अॅनॉनला जाते; त्या मीटिंगा पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असतात.

तुमच्या घरात असं कुणी असेल, किंवा ते तुम्हीच असाल, तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी मोफत नंबर आहे. रोजची सवय असेल तर आधी डॉक्टरांना भेटा, मग मीटिंग शोधा. गाडी हवं तर दोन गल्ल्या अलीकडं लावा. पण आत जा.