ताणाची कथा : तक्रार की कलाकृती?

परीक्षेच्या धाकाविषयी कथा लिहिणाऱ्या तरुणाला पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : ‘हे तुझ्याच बाबतीत घडले का?’ या प्रश्नात आपुलकी असते. परंतु कथेचे मोल जाणण्यास तो अपुरा आहे, असे मला वाटते.

जर्मन कादंबरीकार हेर्मान हेसे यांचे उदाहरण पाहा. १८९१ साली राज्यपरीक्षा उत्तीर्ण होऊन ते माउलब्रोनच्या धर्मपाठशाळेत दाखल झाले आणि १८९२ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, तेथून पळाले. १९०६ सालच्या ‘उंटर्म राड’ (चाकाखाली) या कादंबरीत मात्र त्यांनी हा अनुभव दोन पात्रांत विभागला : पळून जाणारा बंडखोर हाइलनर आणि राज्यपरीक्षेत दुसरा येऊनही खचत जाणारा, अखेर नदीत मृतावस्थेत सापडणारा हान्स. जो तगला, त्याने न तगलेल्याची व्यथा लिहिली. निव्वळ आत्मकथनाला हे साधले नसते. शिवाय हान्सचे वडील व शिक्षक राक्षस नाहीत; आपण त्याचे भलेच करीत आहोत, अशी त्यांची समजूत आहे. म्हणूनच त्यांचा दबाव अधिक भेदक ठरतो.

आपणांपैकी काहींना एखाद्या गुणपत्रिकेने शिक्षणापासून दूर लोटले असेल. त्यावर लिहाल, तेव्हा केवळ स्वतःची कैफियत मांडू नका. शेजारच्या बाकावरून कायमच्या उठून गेलेल्या मुलालाही बोलू द्या. आणि उद्या शिक्षक म्हणून अशी कथा आपल्या हाती आली, तर शुद्धलेखन तपासण्यापूर्वी ती वाचा.