पाहुण्यांची चाळ

मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलातील एका चर्चासत्रासाठी आम्ही तिघे, म्हणजे मराठी शिकवणारे आणि चाळिशी ओलांडलेले दोन प्राध्यापक व एक प्राध्यापिका, गेल्या पावसाळ्यात अंधेरीतील एका हॉस्टेलात दोन रात्री राहिलो. लॉजचे दर आमच्या प्रवासभत्त्यात बसणारे नव्हते. इथे मात्र माणशी एका पलंगाचेच पैसे द्यायचे होते.

जागा देखणी होती. आठ जणांच्या खोलीत दुमजली पलंग, प्रत्येकाला पडदा, वाचायचा दिवा आणि कुलपाचा कप्पा. सामायिक दालनात जुन्या पत्र्याच्या ट्रंकेचे टेबल केलेले. भिंतभर चित्र: डबेवाला, लोकल, चाळीची गॅलरी आणि दांडीवर वाळणारे कपडे. हे सारे आम्हांला आवडले आणि आम्ही त्याची छायाचित्रेही काढली, हे आधीच कबूल केलेले बरे.

दुसऱ्या संध्याकाळी आमचा एक माजी विद्यार्थी भेटायला आला. तो मुंबईतच नोकरी करतो. गप्पांत उशीर झाला, पावसाने लोकल रखडल्या, आणि आमच्या खोलीत एक पलंग रिकामा होता. आम्ही त्याच्यासाठी तो मागितला. व्यवस्थापकाने आधार कार्ड पाहिले आणि अत्यंत नम्रपणे सांगितले की, मुंबईचा पत्ता असलेल्यांना येथे जागा दिली जात नाही. पाहुण्यांच्या सुरक्षिततेसाठी तसा नियम आहे. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की, आपल्याकडील अनेक शहरांतल्या हॉस्टेलांत हा नियम असतो. विद्यार्थी हसला. "सर, चित्रातली गॅलरी अगदी आमच्या चाळीसारखी आहे," असे म्हणून तो भिजत स्टेशनकडे गेला.

गिरणगावातल्या गावकऱ्यांच्या खोल्या आम्हांला त्या रात्री आठवल्या. कोकणातून, घाटावरून आलेले कामगार तिथे पाळ्यांनी झोपत. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरे. जेवण खानावळवालीकडे. याच बायकांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. 1982 च्या संपानंतर ते जग विसकटले. नारायण सुर्वे यांचे 'माझे विद्यापीठ' (1966) आपण दरवर्षी शिकवतो. त्या कवितेमागचा गर्दीचा, अपुऱ्या जागेचा अनुभव आता भिंतीवरची सजावट झाला आहे. कामगाराला ती गर्दी टाळता येत नव्हती. आम्ही ती दोन रात्रींपुरती विकत घेतली होती.

परंतु जुन्याचे गोडवे गाऊन प्रश्न सुटत नाही. गावकऱ्यांच्या खोलीत शिरायला गाव लागे, नाते लागे, आणि अनेकदा जातही. धर्मशाळांच्या पाट्यांवर ज्ञातीची नावे असत. बाईमाणसाला एकटीने उतरायला तर जागाच नव्हती. आमच्या सहकारी प्राध्यापिकेने हे स्पष्टपणे मांडले. पंचवीस वर्षांपूर्वी परीक्षेसाठी मुंबईस येताना त्यांना दूरच्या नातेवाइकांच्या स्वयंपाकघरात झोपावे लागले होते. या वेळी स्त्रियांच्या खोलीत त्या कोणाच्याही उपकाराविना, कोणत्याही प्रश्नाविना राहिल्या. हा बदल लहान नाही, आणि चाळीच्या आठवणींनी गहिवरताना आपण तो विसरतो.

म्हणूनच पत्त्याचा नियम अधिक खटकतो. अनोळखी माणसांना एकत्र आणणे हा ज्या जागेचा दावा, ती जागा ज्या शहरावर सजली त्याच शहरातल्या माणसाला धोका मानते. सुरक्षिततेची काळजी खोटी नाही. पण ओळखपत्र तपासता येते, गैरवर्तन करणाऱ्याला बाहेर काढता येते. केवळ पत्त्यावरून संशय घेणे ही जुन्या पाटीचीच नवी आवृत्ती होय.

साहित्याचे शिक्षक म्हणून आमचीही यात एक चूक आहे. वर्गात आपण चाळीला 'प्रतिमा' म्हणतो, तिचे विश्लेषण करतो, आणि तिथून उठून आलेला विद्यार्थी समोरच्या बाकावर असतो हे ध्यानात ठेवत नाही. त्या रात्री आम्ही नियमाबद्दल थोडा वाद घातला, मग पडदे ओढून झोपलो. आम्हांला त्याच्याबरोबर निदान स्टेशनपर्यंत तरी जाता आले असते.