खोडदची शांतता

पुणे-नाशिक लोहमार्ग नारायणगावावरून न नेता अहिल्यानगर व शिर्डीकडून वळविण्याचे धोरण केंद्र सरकारने २०२५ मध्ये सांगितले, तेव्हा जुन्नरपासून सिन्नरपर्यंतच्या जनतेत असंतोष पसरला. सरकारने पुढे केलेले कारण म्हणजे खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण. आकाशातील कृष्णविवरांसाठी आमची गाडी का अडवता, असे तेथील शेतकऱ्याने विचारले तर त्यास अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. त्यास उत्तर मात्र मिळाले पाहिजे, आणि ते नागपूरकरांनीही ऐकावे. कारण तोच प्रश्न उद्या विदर्भाच्या वेशीशी उभा राहणार आहे.

कृष्णविवर दिसत नाही. जेथून प्रकाशही सुटत नाही, त्या वस्तूची ओळख तिच्या परिसरावरूनच करून घ्यावी लागते: भोवती फिरणारे तारे, तापलेला वायू, त्या भोवऱ्यातून उसळणारे झोत. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रस्थानी, सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर, ४० लक्ष सूर्यांच्या वस्तुमानाचे असे विवर आहे. त्याभोवतीच्या तेजोवलयाचे चित्र जगाने २०२२ साली पाहिले. त्याआधी अठरा वर्षे, २००४ मध्ये, सुभाशिष रॉय व प्रमेश राव यांनी खोडदच्या दुर्बिणीने ६२० मेगाहर्ट्झवर त्या स्थानाचा क्षीण संदेश टिपला होता. इतक्या कमी वारंवारतेच्या लहरी तेथील आयनीभूत वायूचा ढग बव्हंशी शोषून घेतो. त्या पोहोचल्या, त्याअर्थी विवर ढगाच्या मागे नसून अलीकडे आहे, असे अनुमान त्यांनी काढले. पुढे २०१४ मध्ये जयदीप बागची व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका सर्पिल दीर्घिकेच्या केंद्रातून निघालेले, ५० लक्ष प्रकाशवर्षांचा पल्ला व्यापणारे झोत याच दुर्बिणीच्या साहाय्याने दाखविले. असे झोत बहुधा लंबवर्तुळाकार दीर्घिकांतच आढळतात; म्हणून शास्त्रज्ञांना पुन्हा विचार करावा लागला.

हे ज्ञान फुकट मिळालेले नाही. गोविंद स्वरूप यांनी तारांच्या हलक्या जाळीची युक्ती योजून ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरांच्या प्रदेशात उभ्या केल्या. डोंगरांनी वेढलेली ही जागा तिच्या रेडिओ-शांततेसाठीच निवडलेली. विजेवरील गाडीच्या तारेशी उडणारी ठिणगी दूरच्या दीर्घिकेच्या संदेशास सहज बुडवू शकते, आणि तबकड्यांचा हा पसारा उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

म्हणून दुर्बिणीची शांतता राखलीच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु राष्ट्राच्या ज्ञानासाठी लागणारी किंमत एकट्या जुन्नर-संगमनेरने का मोजावी? उपद्रव किती अंतरापर्यंत व किती होतो याची मोजमापे सरकारने मराठीत, गावोगाव मांडावीत. मार्ग वळवायचाच असेल, तर वंचित राहणाऱ्या बाजारगावांना दळणवळणाची दुसरी सोय त्याच निर्णयात बांधून द्यावी. शास्त्रज्ञांचे नाव पुढे करून आपण मोकळे व्हायचे, ही रीत शासनास शोभत नाही; तिने विज्ञानाला विनाकारण शत्रू निर्माण होतात.

आता आमच्या वेशीकडे पाहू. वाशीम व यवतमाळ यांना लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटींची मंजुरी दिली. तिचा रोख दीर्घिकांच्या केंद्रांतील महाविवरांवर नसून ताऱ्यांएवढ्या विवरांच्या टकरींवर आहे. तिला रेडिओ-शांततेपेक्षा जमिनीची शांतता अधिक हवी: चार-चार किलोमीटरांच्या तिच्या दोन भुजांना जड वाहतूक, खाणीचे सुरुंग, जवळची आगगाडी यांचे हादरे सोसत नाहीत. तेथील रस्ते, खाणी व कारखाने यांच्या मर्यादा आजच नकाशावर आखून ग्रामसभांपुढे ठेवाव्यात, आणि ज्यांच्या वाट्याचे काही जाणार आहे त्यांचा मोबदला वेधशाळेच्या खर्चातच धरावा. लोहमार्गाची आखणी झाल्यावर दुर्बीण आठवली, तसे तेथे होता कामा नये.